आपल्या घरचा खांब दुसऱ्याने कोरावा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. शनिवारची सकाळची शाळा, बाहेर धो धो पाऊस, पोरे कंटाळलेली. म्हणून मी वर्गात एक चित्र फिरविले आणि विचारले, "सांगा पाहू, हे काय असेल?" चित्रात वीतभर लांबीचे लाकडाचे दोन तुकडे होते, एका टोकाला झाडाच्या मुळीने घट्ट बांधलेले, दुसऱ्या टोकाला फाकलेले. एका तुकड्यावर मोठाल्या डोळ्यांचा कसलासा प्राणी कोरलेला, दुसऱ्याला आतल्या अंगाने हाडाचा अणकुचीदार काटा. "बेचकी, बाई!" मागच्या बाकावरून आवाज आला. पुढच्या बाकावरची एक मुलगी जरा विचार करून म्हणाली, "देव असेल." तो मासे धरायचा गळ आहे असे मी सांगितले तेव्हा कोणालाच खरे वाटेना. कोळ्यांचा एक मुलगा तर हसू लागला. "बाई, लाकूड तरंगतं. गळ वर आला तर मासा काय उडी मारून धरणार?"

शंका बिनतोड होती. आणि तिचे उत्तर हेच त्या गळाचे सारे सौंदर्य आहे, असे मला वाटते.

हा गळ त्लिंगित लोकांचा. अलास्काच्या दक्षिणेला समुद्राकाठी जी चिंचोळी पट्टी लोंबते, ती यांची भूमी. बेटे, खाड्या, बाराही महिने पाऊस, आणि आकाशाला भिडणारी सीडर व स्प्रूस यांची अरण्ये. शेती नाही. नदीत सामन मासा आणि समुद्रात हॅलिबट. हॅलिबट म्हणजे आपल्या लेप्याचा थोरला भाऊ म्हणा. तसाच चपटा, तसाच तळाशी पडून राहणारा, पण वाढला तर माणसापेक्षा जड. त्याला धरणाऱ्या गळाचा एक तुकडा पिवळ्या सीडरचा, हलका. दुसरा आल्डरसारख्या जड लाकडाचा. खाली दगड बांधून सोडला की गळ तळापासून थोडा वर तरंगत राहतो, नेमका हॅलिबटच्या तोंडासमोर. लाकूड तरंगते म्हणूनच तो काम करतो! फार लहान मासा त्यात सापडत नाही. फार मोठा मासाही अडकत नाही, आणि मोठा हॅलिबट ही बहुधा अंडी घालणारी मादी असते. मधल्या मापाचेच तेवढे वर येतात.

आणि ते कोरीव काम? पाण्यात गळ अशा रीतीने बसतो की कोरलेली बाजू तळाकडे राहते. मोठाल्या डोळ्यांचा तो प्राणी होडीतल्या माणसाला दिसत नाही. तो दिसतो माशाला.

त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. कोरलेली वस्तू आपण पाहतो तेव्हा ती कशी कोरली, किती छान कोरली, एवढेच विचारतो. कोणासाठी कोरली, हे विचारीत नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कलाशास्त्र मी शिकलेली नाही आणि अलास्का मी पाहिलेली नाही. चित्रे आणि पुस्तके एवढाच माझा आधार. तरी त्लिंगितांच्या वस्तूंवर जे लिहिले गेले आहे, त्यातले पुष्कळसे या एका प्रश्नाला वळसा घालून जाते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार आहे.

या कलेचे व्याकरण उत्तम रीतीने सांगणारे पुस्तक बिल होम यांचे. ते १९६५ साली निघाले. होम यांनी दाखवून दिले की त्या सबंध किनाऱ्यावरच्या पेट्या, पडदे, चमचे, टोप्या यांवरची नक्षी काही नियमांनी बांधलेली आहे. एक जाड रेषा, बहुधा काळी, फुगत आणि निमुळती होत सगळ्या आकृतीतून न तुटता वाहते. तिच्या पोटात तांबडी रेषा. उरल्या जागी निळसर हिरवा रंग. कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखा एक लांबट आकार डोळ्यासाठी, सांध्यासाठी, पंखाच्या मुळासाठी पुन्हापुन्हा येतो. हे वाचल्यावर त्या चित्रांकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. आधी जिथे नुसते डोळेच डोळे दिसत होते, तिथे अस्वल दिसू लागले. हे ऋण मी मान्य करते. पण व्याकरण कळले म्हणजे पत्र कोणी कोणाला लिहिले ते कळते असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातून पळून न्यूयॉर्कला आलेले चित्रकार आणि कवी या किनाऱ्यावरच्या मुखवट्यांवर असेच लुब्ध झाले होते. त्यांना त्यांत स्वप्नसृष्टी दिसली. दिसो बापडी. ज्यांच्या त्या वस्तू, त्यांना मात्र त्यांत आपली वंशावळ दिसते.

त्लिंगित समाजाच्या दोन बाजू आहेत. एक डोमकावळ्याची, दुसरी गरुडाची. कुठे कुठे तिला लांडग्याची म्हणतात. (डोमकावळा हा त्यांचा मोठा खट्याळ नायक; जगात उजेड त्यानेच आणला. आपण त्याच्या धाकट्या भावाला पिंडापुरते बोलावतो!) प्रत्येक बाजूत अनेक कुळे, प्रत्येक कुळाची आपापली चिन्हे. आपल्याकडच्या देवकाची आठवण यावी. एका देवकात जसे लग्न होत नाही, तसे एका बाजूत लग्न होत नाही. परंतु कूळ चालते आईकडून. मुलगा बापाच्या घरी जन्मतो, पण तो मामाचा वारस. पूर्वी मुलगा जाणता झाला की त्याला मामाच्या घरी शिस्तीला धाडीत. आपली मुले मामाच्या गावाला शिकरण खायला जातात. त्या मुलांना मामा पहाटे बर्फासारख्या समुद्रात बुडी मारायला लावी.

कुळाच्या चिन्हाची वस्तू, म्हणजे टोपी, खांब, पडदा, तिला एक शब्द आहे: 'अत-ऊव'. त्याचा अर्थ मिळविलेली, मोल देऊन आपली केलेली वस्तू. मोल पैशाचेच असते असे नाही. कोणा पूर्वजाने त्या प्राण्याशी गाठ पडून प्राण दिला, ते मोल. वस्तूच नव्हे तर गाणे, गोष्ट, डोंगर, हेही अत-ऊव असू शकते. कुळाचा प्रमुख ते सांभाळतो; विकण्याचा अधिकार त्यालाही नाही.

आता गंमत पाहा. डोमकावळ्याच्या कुळाला घराचा खांब उभारायचा असला, तर रीतीप्रमाणे तो स्वतः कोरायचा नाही. गरुडाच्या बाजूच्या माणसाला, म्हणजे मेहुण्याला, सासरच्या माणसाला सांगायचे. मयताची कामेही समोरची बाजू करते. मग यथावकाश यजमान बाजू मोठे जेवण घालते, त्याला 'कू-ईख' म्हणतात. तिथे नव्या वस्तू सर्वांसमोर आणतात, पूर्वजांची नावे घेतात, आणि समोरच्या बाजूला तिच्या श्रमाचे आणि तिने दिलेल्या आधाराचे मोल चुकते करतात. ते मोल घेणारे जे पाहुणे, तेच साक्षीदार. त्यांनी पाहिले नाही तर तुमचा खांब हा नुसता लाकडाचा ओंडका.

मला ही रीत फार खोल वाटते. आपले थोरपण आपण कोरायचे नाही, ते समोरच्याच्या हातून यावे लागते. आणि समोरच्याचा हात चांगला हवा तर त्याच्याशी नाते चांगले ठेवावे लागते. खांब किती उंच, नक्षी किती सफाईची, हे ठरविताना टीकाकाराने हे नाते हिशेबात धरले नाही, तर तो पत्रावळ पाहून पंगतीची परीक्षा करतो असे म्हणावे लागेल.

त्यांची पेटीच घ्या. चार बाजूंना चार फळ्या नाहीतच. सीडरची एकच फळी. तिच्यात तीन ठिकाणी खाचा पाडायच्या, वाफ द्यायची, आणि लाकूड मऊ झाले की कोपऱ्या-कोपऱ्यावर दुमडायचे. चौथा कोपरा तेवढा मुळीने शिवायचा किंवा खुंट्यांनी जोडायचा. तळ इतका घट्ट बसवतात की त्यात पाणी ओतून, तापलेले दगड टाकून, मासे उकडता येतात. लाकडाच्या पेटीत स्वयंपाक! स्त्रिया स्प्रूसच्या मुळ्या उकरून, विस्तवावर भाजून, चिरून ज्या टोपल्या विणतात त्यांतूनही पाणी गळत नाही. डोंगरी बोकडाच्या काळ्या शिंगाचे चमचे वाफेवर वाकवून करतात, आणि मुठीवर एकाच्या डोक्यावर एक अशी अख्खी वंशावळ.

चिलकाट वस्त्राबद्दल मात्र थोडे थांबून सांगितले पाहिजे. डोंगरी बोकडाची लोकर आणि पिवळ्या सीडरच्या सालीचे तंतू यांचे हे विणकाम, खाली लांब झालर, नाचताना ती लाटेसारखी झुलते. नमुना पुरुष फळीवर रंगवून देतो, तोही अर्धाच, कारण दुसरे अंग पहिल्याचे प्रतिबिंब असते. विणते ती स्त्री. काटकोनात चालणाऱ्या आडव्या-उभ्या धाग्यांतून ती गोल आकार काढते. ज्या बाईने कधी माग पाहिला असेल तिलाच यातले कष्ट कळतील. कित्येक महिने विणलेले हे वस्त्र कधी कधी जेवणाच्या वेळी कापून त्याचे तुकडे पाहुण्यांना वाटीत. हे प्रथम वाचले तेव्हा माझ्या काळजात चर्र झाले. मग लक्षात आले की चर्र झाले ते माझ्यातल्या संग्रहालयवाल्या बाईला. तुकडा मिळालेला पाहुणा तो अंगरख्याला नाहीतर पायपट्टीला लावून मिरवी, आणि ज्याने दिला त्याचे नाव त्या तुकड्याबरोबर गावोगाव जाई. वस्त्र काचेमागे अखंड राहण्यापेक्षा असे वाटले जाणे हेच त्याचे सार्थक, असे त्यांच्या दृष्टीने म्हणता येईल. मला अजून ते पुरते पचलेले नाही. पण म्हणून ते चूक ठरत नाही.

या समाजाचे गोडवेच गायचे असेही नाही. चिलकाट नदीकाठी क्लुकवान नावाचे गाव आहे. तिथल्या गानाख्तेदी कुळाच्या देवमाशाच्या घरातले चार खांब आणि 'पावसाचा पडदा' म्हणून ओळखली जाणारी कोरीव भिंत हे त्लिंगित कलेचे शिखर मानले जाते. एका खांबावर एक मुलगी लाकूडकिड्याला पोटाशी धरून उभी आहे. दुसऱ्यावर, सगळ्यांनी दुबळा म्हणून हिणवलेला एक पुरुष समुद्रसिंहाचे दोन तुकडे करीत आहे. (या गोष्टीही त्या कुळांच्या मालकीच्या. छापून त्या केव्हाच निघाल्या आहेत. पण मी त्या इथे याहून अधिक सांगत नाही. का, ते पुढे येईल.) अमेरिकन नौदलातले अधिकारी एमन्स यांनी १९१६ साली या घरावर लिहिले. त्यांनी दिलेल्या माहितीप्रमाणे हे काम करणाऱ्या कारागिराला मोबदला मिळाला तो असा: मूस हरणाची पन्नास कमावलेली कातडी, काही घोंगड्या, आणि दहा गुलाम. खांबांचे चित्र पाहताना मी ते दहा जण विसरू शकत नाही. कोरणाऱ्याचे नाव लोकांनी जपले. त्यांची नावे कोणी सांगत नाही.

याच घराशी ज्याची कथा जडली आहे, त्या लुई शॉट्रिजविषयी लिहावे म्हणून खरे तर मी हा लेख हाती घेतला.

शॉट्रिज क्लुकवानचा. त्याचा बाप देवमाशाच्या घराचा प्रमुख. पण कूळ आईकडून चालते, म्हणून मुलगा काग्वान्तान कुळाचा, समोरच्या बाजूचा. बापाच्या वैभवात तो वाढला, पण त्यातली एक खुंटीही त्याची नव्हती. १९१२ पासून तो फिलाडेल्फियाच्या विद्यापीठ-संग्रहालयात नोकरीला होता, आणि पुढे वीस वर्षे आपल्याच लोकांच्या टोप्या, शिरस्त्राणे, पेट्या विकत घेऊन तिकडे धाडीत होता. त्याचे म्हणणे असे की, गावे ओस पडत आहेत, तरुण मुले मिशनच्या शाळांत जाऊन जुने विसरत आहेत. निदान मोठ्या शहरात या वस्तू राहिल्या तर आपले लोक काय होते हे जगाला कळेल. हे म्हणणे खोटे नव्हते. १९२० च्या दशकात त्याने बापाच्या घरातल्या खांबांवरही हक्क सांगितला. अमेरिकन कायद्याने मुलगा बापाचा वारस! कुळाने त्याला घरातून काही नेऊ दिले नाही.

त्याच्या स्वतःच्या कुळाचे शार्क माशाचे शिरस्त्राण मात्र त्याने नेले. त्याविषयी १९२९ साली त्याने संग्रहालयाच्या नियतकालिकात लिहिले आहे. आपल्यातला नवा माणूस ही दुर्मिळ वस्तू मिळाली म्हणून आनंदला, पण काग्वान्तान म्हणून वाढलेल्या माणसाला आपण विश्वासघात केला असेच वाटत राहिले, अशा अर्थाची कबुली त्यात आहे. वस्तूंच्या वर्णनाने भरलेल्या त्या लेखात ही कबुली एकदम समोर येते. १९३२ साली, मंदीच्या दिवसांत, संग्रहालयाने त्याला कामावरून कमी केले. १९३७ साली सिट्का येथे, पडून झालेल्या दुखापतीने, तो वारला.

शॉट्रिजला द्रोही म्हणणारे आहेत, द्रष्टा म्हणणारेही आहेत. मला दोन्ही म्हणवत नाही, आणि त्याचे कारण घरगुती आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत मी माझ्या थोरल्या मावशीच्या सासरची एक गोष्ट घातली. नावे बदलली, गाव बदलले, शेवटही बदलला. लोकांनी ते प्रकरण वाखाणले. मावशीने कोणाकडून तरी वाचून घेतले असावे. त्या दिवाळीला मी गेले, तेव्हा फराळाची ताटली पुढे ठेवून ती एवढेच म्हणाली, "माझी गोष्ट होती गं ती. मला विचारायचंस तरी." मी म्हणाले, "मावशी, लिहिली नसती तर विसरली गेली असती." ती म्हणाली, "मी विसरले नव्हते." हे सर्व शॉट्रिजचे नाव ऐकण्याच्या पुष्कळ आधीचे. त्याची कबुली वाचली तेव्हा मला त्या ताटलीतल्या करंज्या आठवल्या.

कुळाच्या वस्तू जाण्याच्या रीती अनेक. काही धडधडीत चोरून नेल्या. १८९९ साली सिअ‍ॅटलचे प्रतिष्ठित व्यापारी बोटीतून सहलीला निघाले. टाँगासच्या गावात माणसे नव्हती, तेव्हा त्यांनी एक उंच स्तंभ तोडला, त्याचे दोन तुकडे केले आणि नेऊन आपल्या शहराच्या चौकात उभा केला. काही वस्तू गरजेपोटी विकल्या गेल्या. देवमाशाच्या घराचे तर आणखी वाईट. बाहेर काही नेऊ द्यायचे नाही असा ठराव गावाने १९७६ साली केला होता. तरी १९८४ साली कुळातल्याच काही जणांनी खांब आणि पडदा काढून एका व्यापाऱ्याच्या हवाली केले. मग जवळजवळ दहा वर्षे खटला, आणि तोवर सारा संच सिअ‍ॅटलच्या एका वखारीत पडून. १९९३ साली गावाच्या स्वतःच्या न्यायालयाने निकाल दिला की ही कुळाची ठेव आहे, कोणा एकाला ती विकता येत नाही. पुढच्या वर्षी खांब परत आले. भाचा, मुलगा, व्यापारी, संग्रहालय या सगळ्यांच्या हक्काचा तो जुना गुंता अखेर त्यांच्याच रीतीने सुटला.

१९९० च्या अमेरिकन कायद्याने संग्रहालयांना अशा वस्तू परत करणे भाग पडले आहे. दक्लावेदी कुळाची किलर व्हेल माशाची टोपी १९०४ साली अँगूनहून वॉशिंग्टनला गेली होती. ती जानेवारी २००५ मध्ये कुळप्रमुख मार्क जेकब्ज यांच्याकडे परत आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत ते वारले. पुढे कुळाच्याच संमतीने संगणकाच्या साहाय्याने तिची हुबेहूब प्रतिकृती यंत्रावर कोरली, शिंपले जडविले, रंग दिला. २०१२ साली सिट्का येथे दोन्ही टोप्या एकत्र नाचल्या. यंत्राने केलेली वस्तू म्हणून कोणी नाक मुरडील. मी मुरडणार नाही. विचारून केली, आणि साक्षीदारांसमोर स्वीकारली.

त्याच अँगून गावाची एक हकिगत सांगून संपवते. १८८२ साली तिथल्या एका देवऋष्याला देवमाशाच्या शिकारीवर काम करताना तोफेचा स्फोट होऊन मरण आले. गावाने कंपनीकडे रीतीप्रमाणे दोनशे घोंगड्या भरपाई मागितली. अमेरिकन नौदलाने उलट गावालाच चारशे घोंगड्यांचा दंड केला, आणि २६ ऑक्टोबरला गावावर तोफा डागल्या. घरे, साठवणीचे अन्न, होड्या, सगळे नष्ट केले. गावकरी सांगतात की सहा मुले धुराने गुदमरून गेली. एकच होडी वाचली, नाळेवर बीव्हर कोरलेली. हिवाळाभर तिने लाकूड वाहिले, मासे आणले, गाव जगविले. पुढे ती तडकली तेव्हा माणसाला द्यावा तसा तिला अग्नी दिला. नाळेवरचा बीव्हर तेवढा ठेवला होता. तो कधीतरी गावाबाहेर गेला. १९९९ साली गावचे वडीलधारे लोक न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या कोठारात वस्तू पाहत हिंडत असता एका फळीवर तो बसलेला दिसला. तो घरी आला. नौदलाने क्षमा मागितली ती २०२४ साली.

त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जूनमध्ये, अँगूनच्या शाळेतल्या मुलांनी एका जाणत्या कारागिराच्या हाताखाली कोरलेली ओंडक्याची होडी पाण्यात सोडली. त्या गोळीबारानंतर गावात झालेली ही पहिलीच. अशी होडी वाकसाने आतून तासून काढतात, मग तिच्यात पाणी भरून तापलेले दगड टाकतात आणि वाफेने लाकूड मऊ झाले की हलके हलके बाजू फाकवतात.

हे मी वर्गात सांगितले तेव्हा कोळ्यांचा तो मुलगा पहिल्यांदाच हसला नाही. "बाई, पोरांनी केली? आमच्याएवढ्या?"

"तुमच्याहून थोडी मोठी."

"तरंगली?"

"तरंगली."